भाजलेलं लाकूड, बुरशी आणि वाळवी : बाकाच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जून

जुनं बाक आज सुटं केलं. पाईनच्या पट्ट्या वरून धडधाकट दिसत होत्या. स्क्रू काढायला गेलो तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोकच लाकडात रुतलं. मधल्या पट्टीच्या टोकाला, जिथे ती पायावर टेकते आणि पाणी अडून राहतं, तिथे उभ्या-आडव्या भेगा पडून लाकडाचे बारके चौकोनी ठोकळे झाले होते. त्यातला एक चिमटीत धरून चोळला आणि त्याची तपकीर झाली. या कुजीला तपकिरी कुज का म्हणतात ते आज बोटांना कळलं. बुरशीने लाकडाच्या तंतूंतलं सेल्युलोज आणि त्याच्या जोडीचं हेमिसेल्युलोज फस्त केलं, लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा तेवढा मागे ठेवला. तो हा तांबूस भुगा.

पायांचं नुकसान निराळं. तिथे वाळवी. जमिनीतून आत शिरून तिने वार्षिक वलयांमधला मऊ भाग खाल्लाय आणि कठीण पापुद्रे वहीच्या पानांसारखे उभे ठेवलेत. बाहेरची साल शाबूत, आत पोकळी.

नवं बाक करायचं आहे. त्यावर मुलं बसणार, लोळणार, म्हणून लाकडाला विषारी औषध पाजायचं नाही असं आधीच ठरवलंय. लाकूड भाजून टिकाऊ करतात हे माहीत आहे. तसं केलं तर कुज आणि कीड दोन्ही थांबतात, की दोघांपैकी एकच? बाक करण्याआधी हे स्वतः बघायचं.

९ जून

चार-पाच दिवस वाचन. आधी एक गोंधळ निस्तरला, कारण माझ्या स्वतःच्याच डोक्यात तो होता. 'हीट ट्रीटमेंट' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात.

पहिलं काम पॅकिंगच्या खोक्यांचं. त्यांच्यावर 'एचटी' असा शिक्का असतो. आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. त्याने आतल्या जिवंत अळ्या मरतात. लाकूड मात्र होतं तसंच राहतं आणि उद्या त्याला नवी कीड लागू शकते.

दुसरं काम साधारण १६० ते २४० अंशांचं, तेही प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत. इथे लाकडाची रासायनिक घडणच बदलते. अमेरिकेत स्टॅम आणि हॅन्सन यांनी १९३७ मध्ये वेगवेगळ्या वायूंमध्ये लाकूड तापवून पाहिलं होतं. पुढे १९४०च्या दशकात स्टॅम यांनी हवा दूर ठेवण्यासाठी लाकूड चक्क वितळलेल्या धातूखाली बुडवून तापवलं. लाकूड फुगायचं-आकसायचं कमी झालं, पण ताकद इतकी घटली की ते बाजारात रुजलं नाही. १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये व्हीटीटी या संशोधन केंद्राने वाफेची पद्धत बसवली आणि तिथून हे लाकूड कारखान्यांत गेलं. फ्रान्समध्ये नायट्रोजन वापरला, जर्मनीत गरम वनस्पती तेल. साधनं वेगळी, हेतू एकच: लाकूड तापलं पाहिजे, पण पेटता कामा नये.

फिनलंडच्या पद्धतीत पाईनसारख्या लाकडाचे दोन वर्ग आहेत. 'एस' म्हणजे १९० अंश, आकार स्थिर राहावा म्हणून. 'डी' म्हणजे २१२ अंश, टिकाऊपणासाठी. म्हणजे माझं उत्तर २००च्या आसपास कुठेतरी असणार.

१५ जून

ठोकळे कापले. ईएन ११३ या युरोपीय चाचणीचं माप घेतलं: १५ × २५ × ५० मिमी, लांबी रेषेच्या दिशेने. पाईनचं फक्त बाहेरचं फिकं लाकूड घेतलं. गाभ्यात राळ जास्त असते, आणि मग गुण उष्णतेचा की राळेचा हे वेगळं काढता येत नाही. दुसरं लाकूड रबरवुड, म्हणजे रबराच्या झाडाचं. त्यात स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे भुंगेऱ्यांच्या चाचणीला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. तुलनेला सागाच्या गाभ्याचे थोडे ठोकळे ठेवलेत.

गट पाच: क (काहीच न केलेला), ख (५६ अंश, ३० मिनिटं), ग (१८०), घ (२००), च (२२०). शेवटचे तिन्ही दोन-दोन तास.

सगळे ठोकळे १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवले आणि मगच तोलले. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळला तर पुढची सगळी वजनं पाण्याची ठरतील, लाकडाची नाही.

२१ जून

पहिली भट्टी वाया गेली.

ठोकळे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा प्रयोगशाळेच्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद विजेच्या भट्टीत. १८५च्या पुढे आंबट, धुरकट वास सुटला आणि डोळे चुरचुरायला लागले. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा. हेमिसेल्युलोजच्या साखळीला अ‍ॅसिटिल गट लोंबकळत असतात, उष्णतेने तुटून पडणारे पहिले तेच. त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्लच पुढची मोडतोड वेगाने घडवतं. वाचलेलं होतं, आज नाकाने पटलं. एक्झॉस्ट सुरू होता तरी पुढच्या वेळी मास्क आणि चष्म्याशिवाय दार उघडायचं नाही.

झाकण सैल होतं. हवा आत शिरली आणि कडेच्या ठोकळ्यांचे कोपरे कोळसा झाले. तापमानही मी घाईने चढवलं. रबरवुडचे तीन ठोकळे आतून उकलले. बाहेर काही दिसत नव्हतं, कापल्यावर मधे मधमाशीच्या पोळ्यासारख्या फटी निघाल्या. आणि ज्या पेनने क्रमांक घातले होते त्याची शाई उडून गेली. कोणता ठोकळा कुठला, काही कळेना. सगळे बाद.

२९ जून

दुसरी भट्टी, नीट. क्रमांकाऐवजी करवतीने कडेला खाचा पाडल्या. डब्याला गॅस्केट, आत नायट्रोजनची सतत धार, आणि एका जादा ठोकळ्याला गिरमिटाने भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेट गाभ्यात बसवलं. १३० अंशांपर्यंत सावकाश, तिथे थांबून लाकूड पूर्ण कोरडं, मग पुन्हा हळूहळू वर. २२०च्या भट्टीत गाभ्याचं तापमान काही मिनिटं भट्टीच्याही वर गेलं. मोडतोडीतून लाकूड स्वतःच उष्णता सोडायला लागतं. मोठ्या फळ्यांत हे आवरणं किती अवघड जात असेल याची कल्पना आली.

थंड होईपर्यंत डबा उघडला नाही. गरम असताना हवा लागली की पेट घेऊ शकतं.

रंग सुरेख: ग मधासारखा, घ कातासारखा, च जवळजवळ शिसवीचा. रंग वरवरचा नाही, ठोकळा चिरला तरी आत तोच.

वजनं: पाईन च-३ भट्टीआधी ९.१२ ग्रॅम, नंतर ८.२२. जवळपास दहावा हिस्सा धूर होऊन गेला. ग गटात घट दोन-तीन टक्के, घ गटात पाचच्या आगेमागे. रबरवुडची घट प्रत्येक तापमानाला पाईनपेक्षा जास्त. तेही बरोबर, रुंदपर्णी झाडांच्या हेमिसेल्युलोजमध्ये अ‍ॅसिटिल गट जास्त असतात, त्यामुळे आम्ल जास्त.

८ जुलै

ओलाव्याची परीक्षा. बंद बरणीत तळाला मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर टिकते. आठवडाभराने वजनं घेतली. क पाईनमध्ये १४ टक्के पाणी. च पाईनमध्ये ७. निम्मं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. लाकडाच्या पेशीभित्तिकेत पाणी धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात आणि सगळ्यात पाणीखाऊ घटक हेमिसेल्युलोज. भट्टीत तेच आधी मोडतं. उरलेलं लिग्निन आपसात जास्त गुंततं, त्यामुळे भित्तिका पूर्वीसारखी फुगत नाही. आता तपकिरी कुजीची बुरशी काय करते बघा. तिची विकरं (लाकूड पचवणारी एन्झाइम्स) इतकी मोठी असतात की ती धडधाकट भित्तिकेत शिरूच शकत नाहीत. म्हणून बुरशी आधी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या तिखट रेणूंकरवी भित्तिका आतून फोडते. हे छोटे रेणू आत पसरायला भित्तिकेत पाणी लागतं. पाणीच कमी, तर वाट अरुंद.

म्हणजे भाजलेल्या लाकडात बुरशीला मारणारं काही नसतं. तिला आत जायला रस्ता राहत नाही.

१० जुलै

अर्धे ठोकळे १४ दिवस पाण्यात, पाणी अधूनमधून बदलत. पावसात धुऊन जाणारं काही असेल तर ते आधीच जावं म्हणून. ग आणि घच्या बरण्यांतलं पाणी पहिल्याच दिवशी चहासारखं झालं. मोडतोडीतले बारके रेणू सुटताहेत. संरक्षण त्यांच्या भरवशावर असेल तर ते लवकर कळेल.

२७ जुलै

बुरशी लावली. पाईनला तपकिरी कुजीची कोनिओफोरा प्युटियाना, रबरवुडला पांढऱ्या कुजीची ट्रॅमेटेस व्हर्सिकलर. दोन्ही वाण सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या मॅडमनी माल्ट-आगर या बुरशीच्या खाद्यावर वाढवून दिले. बरणीत आधी बुरशीची गादी, तिच्यावर जाळी, जाळीवर निर्जंतुक ठोकळे, प्रत्येक बरणीत एक क आणि एक भाजलेला. तापमान २२ अंश. मुदत १६ आठवडे.

मॅडमनी निघताना बजावलं, "मधेमधे झाकणं उघडून बघू नका. तुम्हाला राहवणार नाही, म्हणून आधीच सांगते."

११ ऑगस्ट

दोन बरण्यांत हिरवी बुरशी शिरली. फेकून दिल्या. बाकी ठीक.

२० ऑगस्ट

कीटकांचा भाग सुरू केला, दोन आघाड्यांवर.

पहिली: पावडर-पोस्ट भुंगेरा, लिक्टस. जाळीच्या पेटीत भुसा पडत असलेला एक जुना तुकडा आणि भोवती रबरवुडचे पाचही गट. पाईन इथे निरुपयोगी. या भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या वाहिन्यांच्या तोंडात अंडी घालते आणि पाईनमध्ये वाहिन्या नसतातच.

आयोडीनचा थेंबही टाकून पाहिला. क आणि ख दोन्ही क्षणात काळे-निळे. म्हणजे ५६ अंशांनी स्टार्चला काहीही झालेलं नाही, भुंगेऱ्याचं ताट वाढलेलंच आहे. घ आणि चचा मूळ रंगच इतका गडद की थेंबाचा निकाल वाचता येत नाही. तो निकाल मी धरणार नाही.

दुसरी आघाडी: जुन्या बाकाचे पाय जिथे होते तिथेच पाईनच्या खुंट्या अर्ध्या पुरल्या. पाचही गट आणि सोबत साग. वाळवी तिथे आहे हे ठाऊक आहे.

१४ सप्टेंबर

आज मिस्त्री आले होते. त्यांच्या हातात चची एक पातळ पट्टी दिली. त्यांनी नखाने वाजवली, वास घेतला, रंधा एकदा फिरवला. ढलपी निघालीच नाही, नुसता कोरडा भुगा. मग दोन्ही टोकं धरून वाकवली. एरवी लाकूड मोडताना आधी कुरकुरतं, तंतू लोंबतात. ही काच तुटावी तशी एका आवाजात सरळ तुटली, तुकडे बोथट.

"अहो, हे ऐकत नाही," मिस्त्री म्हणाले. "लाकडाने मोडायच्या आधी सांगायला पाहिजे. माणूस बसणार आहे ना यावर?"

मी त्यांना आकडे दाखवले, की कडकपणा फारसा कमी होत नाही, घटते ती मोडायच्या आधी सोसायची ताकद. ते म्हणाले, तेच तर मी सांगतोय. खरं आहे. हेमिसेल्युलोज हे सेल्युलोज आणि लिग्निन यांना विटांमधल्या गाऱ्यासारखं बांधून ठेवतं. ते काढलं की भिंत उभी राहते, पण धक्का सोसत नाही. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक स्क्रूला आधी पूर्ण खोलीचं भोक पाडायचं ठरलं. भोकाशिवाय लावून पाहिलेल्या तीनपैकी दोन पट्ट्या चिरल्या होत्या. स्क्रू स्टेनलेसचेच, कारण या लाकडात आम्ल राहतं आणि साधं लोखंड लवकर गंजतं.

१६ नोव्हेंबर

सोळा आठवडे झाले. बरण्या उघडल्या.

क-३ बाहेर काढताना चिमट्याच्या दाबाने आत दबला. ओल्या केकसारखा. बुरशीचा पांढरा थर खरवडून वाळवल्यावर तो आक्रसला, वाकडा झाला आणि जूनमध्ये जुन्या पट्टीवर पाहिलेल्या त्याच चौकोनी भेगा उमटल्या. आधी ९.२० ग्रॅम, आता ५.८९. छत्तीस टक्के गेले.

ख गट, म्हणजे ५६ अंशांचा, अगदी तसाच. फरक काट्याच्या चुकीइतका. हे नीट लिहून ठेवतो, कारण एचटीचा शिक्का बघून लाकूड टिकाऊ समजणारे मला या वर्षात बरेच भेटले.

ग: १९ टक्के. रंग बदलला, वास बदलला, पण राखण अर्धवट. नुसत्या रंगावर भाळून कोणी १८० अंशांचं लाकूड बाहेर उघड्यावर लावलं तर पस्तावेल.

घ: ८ टक्के. च-३: ८.२२ वरून ८.०७. दोन टक्क्यांच्या आत. त्याच्यावरही बुरशी पसरली होती, पांढरी जाळी सगळीकडून, पण ती पुसली तर खाली कडा धारदार, करवतीच्या रेघा जशाच्या तशा. ती त्याच्यावर चार महिने राहिली आणि तिला आत जाता आलं नाही. मी तो ठोकळा बराच वेळ हातात धरून होतो.

रबरवुडचा क्रम हाच. पाण्यात भिजवलेले आणि न भिजवलेले यांत घ आणि चमध्ये फरक नाही. म्हणजे राखण धुऊन जाणाऱ्या रेणूंची नाही, लाकडाच्या बदललेल्या घडणीची आहे.

माझे ठोकळे थोडे आहेत, त्यावरून कुठल्या टिकाऊपणाच्या वर्गाचा दावा मी करत नाही. आणि एक हिशेब विसरायचा नाही: चने बुरशीपुढे दोन टक्के गमावले, पण भट्टीत दहा टक्के आधीच दिले होते.

३ डिसेंबर

भुंगेऱ्यांची पेटी. क वर एक-दीड मिलिमीटरची गोल भोकं, खाली टाल्कम पावडरसारखा मऊ भुसा. ख वरही भोकं. ग वर एकच. घ आणि च वर एकही नाही. भिंगाखाली घवर बारीक ओरखडे दिसले. मादी अंडी घालण्याआधी लाकूड कुरतडून चव घेते. इथे घेतली आणि गेली असावी. पण या किड्याचं जीवनचक्र वर्षभरही चालू शकतं, म्हणून पेटी बंद करत नाही.

५ डिसेंबर

खुंट्या उपटल्या.

च-ची खुंटी हाताला इतकी हलकी लागली की उत्तर पाहण्याआधीच कळलं. जमिनीवरचा भाग तसाच गडद, देखणा. जमिनीखाली कागदाएवढं कवच, आत ओली माती भरलेली, आणि मातीत पांढऱ्या कामकरी वाळव्या पळापळ करत होत्या. पापुद्रे तसेच उभे, जूनमध्ये पाहिलेले. क, ख, ग, घ, च, पाचही खाल्लेल्या; मला तरी भाजलेल्यांत कमी खाल्लेली एकही सापडली नाही. सागाच्या खुंटीवर वरवरचे कुरतडे, बाकी ठणठणीत.

वाईट वाटलं, पण कारण स्पष्ट आहे. वाळवीचं अन्न सेल्युलोज, आणि भट्टीने सेल्युलोजला फारसा हात लावलेला नाही. बुरशीला लाकडातला ओलावा लागतो. वाळवी मातीच्या नळीतून तो सोबत घेऊन येते. चावायला तिच्याकडे जबडे आहेत, भित्तिका किती फुगते याच्याशी तिला देणंघेणं नाही. सागाला त्याच्या गाभ्यातली क्विनोन वर्गातली द्रव्यं वाचवतात. भाजलेल्या पाईनमध्ये तसं विष नाही, उलट होती ती राळही उष्णतेने बरीच उडून गेलेली.

२२ डिसेंबर

निर्णय. बसायच्या आणि पाठीच्या पट्ट्या भाजलेल्या पाईनच्या, २१० अंशांच्या. २२०ला कुज जवळपास थांबते, पण मिस्त्रींच्या हातात तुटलेली पट्टी डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून जाडीही २२ ऐवजी २८ मिमी आणि आधार जवळजवळ. पाय भाजलेल्या लाकडाचे नाहीतच. लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले, आणि लाकूड जमिनीपासून वीतभर वर. मातीत पुरायला हे लाकूड नाही.

पट्ट्यांमध्ये फटी, टोकाला पाणी अडणार नाही असा उतार. उन्हाने रंग राखाडी होणार, तेल लावून तो थोडा लांबवता येईल. राखाडी होणं म्हणजे कुजणं नाही, हे घरात आधीच सांगून ठेवलंय.

१८ जानेवारी

बाक उभं राहिलं. पट्टीच्या कापलेल्या टोकावर पाण्याचा थेंब टाकला. जुन्या पाईनमध्ये तो टिपकागदासारखा शोषला गेला. इथे गोल राहिला, मिनिटभर मी मोजत होतो, मग घरंगळला.

मधली एक पट्टी चार स्क्रूंवर सुटी ठेवली आहे. दर सहा महिन्यांनी काढून तोलायची. आजचं वजन वहीच्या शेवटच्या पानावर.

९ मार्च

बाकाखाली वाकून पाहिलं. मागच्या डाव्या लोखंडी पायावर मातीची बारीक रेघ चढलेली, सहा बोटं लांब. लाकूड अजून चार बोटं वर. काडीने नळी फोडली. आत तीन वाळव्या होत्या. जिथे ती थांबली होती तिथे खडूने खूण केली आणि तारीख घातली. उद्यापासून रोज सकाळी चारही पाय बघायचे.